साय धरलेला कप

“फाटलं का?” मी आतल्या खोलीतून विचारलं.

“नाही, नाही. जरासं दुमडलंय.” स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला. मग तव्यावर काहीतरी खरवडल्याचा आवाज. मग पुन्हा बाबा, जरा खालच्या पट्टीत, “फाटलं.”

मला हसू आलं आणि टाके दुखले. कुशीतल्या लेकीनं झोपेतच ओठ हलवले. ती अजून बिननावाची होती, बारसं व्हायचं होतं. बाबा ताटली घेऊन आले. घावनाचे तुकडे त्यांनी असे जुळवून ठेवले होते की लांबून अख्खं वाटावं. शेवटी चित्रकलेचे सर.

“बाबा, पीठ चांगलं झालंय. ते उलथनं बदला. एका बाजूनं पार झिजलंय. बाजारात ढिगानं मिळतात नवी.”

“असू दे,” बाबा म्हणाले. “खा गरम आहे तोवर. गूळ देऊ?”

आमचं घर भोरला. आई गेली ती माझ्या लग्नाच्या आधी. त्यामुळे सासरच्या कुणीच तिला पाहिलेलं नव्हतं. माझं बाळंतपण कुठे करायचं हा प्रश्न निघाला तेव्हा माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना अहोआई म्हणते, सरळ सांगितलं होतं, “सासवडलाच करू. बाई नसलेल्या घरात बाळंतपण कसं व्हायचं, सर?” आणि एरवी सगळ्यांच्या होला हो म्हणणारे माझे बाबा पहिल्यांदाच अडून बसले. “पहिलं बाळंतपण माहेरी असतं,” ते म्हणाले, “आणि माहेर आहे अजून.”

अहोआईंनी मानलं, पण अट घालून. बारशाला त्या येणार. आबाळ दिसली तर दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन जाणार. तोवर रोज त्यांचा फोन यायचा.

“काय करतात गं सर खायला?”

“अळिवाची खीर करतात. घावनं करतात.”

“जमतात?”

“चवीला छान असतात.”

“म्हणजे फाटतात,” अहोआई म्हणायच्या.

मला जायचं नव्हतं. सासरी मला काही कमी होतं म्हणून नव्हे. आई असती तर तिनं माझ्यासाठी जे जे केलं असतं, ते या घरात अजून कुठेतरी शिल्लक असेल असं मला वाटायचं. ओव्याच्या धुरीत, कपाटातल्या जुन्या लुगड्यांच्या घडीत. ते सापडेपर्यंत तरी मला तिथून हलायचं नव्हतं. सापडत मात्र नव्हतं. खोलीत होता तो तिचा फोटो, आणि त्याच्याकडे तर मला बघवत नसे.

आईचा धड असा एक फोटो नव्हता आमच्याकडे. कॅमेरा दिसला की ती कुणाच्या तरी मागे सरकायची, नाहीतर “थांबा हं, आलेच” म्हणून आत जायची. ती गेल्यावर घाईघाईत मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून आणला होता. त्यात ती अशी बघते जणू कुणीतरी तिला चोरी करताना पकडलंय. त्या फोटोला हार. त्याच्यासमोर पाळणा टांगायचा, आणि माझ्या मुलीनं आजी म्हणून हेच तोंड पाहायचं?

“बाबा,” मी एका दुपारी म्हटलं, “बारशापर्यंत आईचं चित्र काढून द्याल?”

ते दुपटी घड्या करत होते. हात थांबला.

“मला चेहरे येत नाहीत, रेवू. तुला माहितीये.”

माहीत होतं. सगळ्या भोरला माहीत होतं. शाळेत बाबांना पोरं ‘भांडीवाले सर’ म्हणायची. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा जवळ आल्या की बाबा घरातली भांडी पिशवीत भरून शाळेत न्यायचे. टेबलावर निळं कापड, त्यावर कळशी, एक वांगं, एक कपबशी. मीही त्या वर्गात बसले आहे. “कपाचा कान उजवीकडे घ्या,” ते फळ्यापाशी उभे राहून सांगायचे, “डोळ्याला सवयीचं तेच आधी काढा.” आणि इकडे घरी आई हातात डाळ घेऊन ओरडत असायची, “माझं पातेलं कुठाय? आज वरण काय त्यांच्या चित्रात शिजवू?” पातेलं परत आलं की त्याला खडूची पावडर लागलेली असायची. ती घासता घासता म्हणायची, “जन्मभर माझ्या भांड्यांकडे बघितलंत. माझ्याकडे कधी बघणार?” बाबा नुसते हसायचे.

“मला एकच हवंय,” मी म्हटलं. “बारशाला. तिला आजी दिसायला हवी.”

बाबांनी दुपटं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. “बघतो,” म्हणाले.

त्यानंतर दुपारी लेक झोपली की बाहेरच्या खोलीतून पेन्सिलीची खरखर ऐकू यायची. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणून मला वाचायला मनाई होती. मी डोळे मिटून ती खरखर ऐकत पडायची. खरखर, मग थांबणं, मग खोडरबर. खोडरबरच जास्त. मी अभिजीतला, माझ्या नवऱ्याला, फोनवर सांगून टाकलं. त्यानं अहोआईंना सांगितलं. शेजारच्या बायका बाळाला बघायला आल्या, त्यांनाही मीच सांगितलं, की बारशाला या, बाबा आईचं चित्र काढताहेत.

एक दिवस बाबांनी बोर्ड आणून माझ्यासमोर धरला. नाक आईचं होतं. कपाळ आईचं. डाव्या भुवईवरचा तीळसुद्धा जिथल्या तिथे. सगळं मोजून बरोबर, आणि तरी ती बाई आमच्या घरातली नव्हती.

“ही कोण?” माझ्या तोंडून गेलं.

“हो ना,” बाबा म्हणाले. “मलाही तेच वाटलं.”

रात्रभर जागरण, दूध दाटून आलेलं, त्यात हे. माझा बांध फुटला. “बाबा, आयुष्यभर तुम्ही कळशा काढल्यात, किटल्या काढल्यात. वांगी काढलीत! तिला एकदा समोर बसवावंसं नाही वाटलं तुम्हाला?”

“बसवलं होतं की,” बाबा हळूच म्हणाले. “आपण या घरात राहायला आलो तेव्हा. चहा दिला हातात आणि म्हटलं, आज हलायचं नाही. बसली. जरा वेळानं म्हणाली, ‘दूध बघून येते.’ गेली ती गेलीच. मग कुकर लावला, मग तू रडायला लागलीस.”

“मग?”

“मग काय. समोर तिचा कप राहिला होता. चहावर साय धरली होती. तो काढला.”

मी तोंड फिरवलं. बाबा बोर्ड घेऊन गेले. नंतर कागद फाडल्याचा आवाज आला. पेन्सिलीची खरखर त्या दिवसापासून दुपारी बंद झाली.

सकाळी मात्र ओट्याशी काहीतरी चालायचं. दोघांचा चहा झाल्यावरही तिसरा कप भरलेला दिसायचा. एकदा मी भिंत धरत धरत पाणी प्यायला गेले, तर बाबा कपाकडे बघत स्टुलावर बसलेले.

“कुणाला चहा, बाबा?”

“असू दे तो तिथे,” ते म्हणाले. “तू उठलीस कशाला? जा, वारं लागेल.”

बारशाच्या आदल्या दिवशी अहोआई आल्या. डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतविडा, सोन्याचे मणी, हिरवा चुडा आणि हजार सूचना. आल्या आल्या त्यांनी बाळाचं डोकं हुंगलं, माझे डोळे खाली ओढून बघितले, खोलीतल्या दुपट्यांना हात लावून ती नीट वाळलीत ना पाहिलं आणि पदर खोचून स्वयंपाकघरात शिरल्या.

“सर, तुम्ही बसा जरा. मी घावनं घालते.”

पहिलं फाटलं. दुसरंही फाटलं. तिसऱ्याला अहोआईंचा आवाज चढला. “अहो सर, हे उलथनं आहे की खुरपं? उजवा कोपराच गायब! उद्या नवीन मागवते मी.”

“नको,” बाबा म्हणाले. इतकं तुटक त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी उलथनं अहोआईंच्या हातातून घेतलं, धुतलं, पुसलं आणि खिळ्याला अडकवलं.

अहोआई माझ्या उशाशी येऊन बसल्या. “राग नको मानूस रेवती,” त्या पुटपुटल्या. “सर जिवाचं रान करतात, दिसतंय मला. पण चहा करून ठेवतात आणि पीत नाहीत. झिजलेलं उलथनं सोडत नाहीत. अशानं ओली बाळंतीण सांभाळून होते का? बारसं झालं की परवा सकाळी निघू आपण. अभिजीतला गाडी सांगितलीये.”

“अहोआई, सव्वा महिना तरी…”

“अगं, मी काय तुझ्या वाईटाचं सांगते का?”

लेकीच्या मुठीत माझं बोट होतं. ते सोडवून घेतलं तर ती जागी होईल, म्हणून मला डोळेही पुसता येईनात.

बारशाला आळीतल्या बायका जमल्या. पाळण्याला झेंडू बांधला होता. रिवाजाप्रमाणे आधी वरवंट्याला टोपरं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि बाळ म्हणून पाळण्याखालून या हातातून त्या हातात दिलं. बायका हसत होत्या. एकीनं तर वरवंट्याची दृष्ट काढली. मग माझ्या नणंदेनं लेकीच्या कानात नाव सांगितलं, मैथिली. पाठीवर धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या.

“आणि हेमाताईंचं चित्र कुठाय?” शेजारच्या ठकारकाकूंनी विचारलं. “सर, दाखवा की.”

मतदान कार्डाचा फोटो बाबांनी सकाळीच उतरवला होता. त्या जागी एक फ्रेम होती, तिच्यावर फडकं. बाबांनी फडकं ओढलं.

आमचा ओटा. तवा, त्याच्यावर आडवं टाकलेलं ते झिजकं उलथनं. शेजारी चहाचा कप, चहावर साय. आणि अर्धवट पिळलेलं ओटा पुसायचं फडकं.

“अगदी फोटोसारखं हो,” ठकारकाकू म्हणाल्या. “ते फडकं तर ओलं वाटतंय.”

“सायसुद्धा दिसतेय,” दुसरी म्हणाली.

मागून कुणीतरी हळूच म्हटलं, “भांडीवाले सर ते,” आणि दोघीतिघी हसल्या. वाईट हेतूनं नाही. पण माझे कान गरम झाले. मी लेकीला पाजायच्या निमित्तानं भिंतीकडे तोंड करून बसले. बाबा काहीतरी विचारायला दारापर्यंत आले होते, ते तसेच मागे गेले.

दुपार कलली. बायका गेल्या. अभिजीत आणि नणंद भाड्यानं आणलेली सतरंजी परत द्यायला गेले. मी बॅग भरायला काढली होती. लंगोट एका बाजूला, झबली एका बाजूला. अहोआई पाळण्याचे झेंडू सोडवत होत्या. फुलं पदरात घेऊन त्या वळल्या आणि चित्रासमोर थांबल्या.

बराच वेळ झाला तरी त्या हलल्या नाहीत, म्हणून मी मान वर केली.

अहोआईंनी उजवा हात पुढे केला होता. कप उचलायला करतात तसा. मग तो हात अडला. कपाचा कान तिकडे नव्हताच. त्यांनी फुलांचा पदर उजव्या हातात घेतला आणि डावा हात पुढे केला. बोटं बरोबर कानापाशी आली. मग त्यांनी चित्रातल्या उलथन्याकडे पाहिलं. त्याचा दांडाही डावीकडेच होता.

“रेवती,” अहोआई म्हणाल्या, “विहीणबाई डावऱ्या होत्या?”

माझ्या हातातलं झबलं तिथेच राहिलं.

होती. आई डावरी होती. आपल्या घराचं दार आत उघडतं की बाहेर हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं ते मला माहीत होतं. म्हणजे आठवावं लागत नाही, आणि म्हणून कधी आठवतही नाही.

“तुम्हाला कसं कळलं, अहोआई?”

“अगं, माझं उलथनं डाव्या कोपऱ्यात झिजलंय. माझ्या सासूबाईंचंही तसंच होतं. उजव्या हाताच्या बाईचं तसंच झिजतं. हे उलट्या बाजूनं झिजलेलं.” त्या चित्राच्या आणखी जवळ गेल्या. “काल मी आपली खुरपं म्हणून मोकळी झाले.”

दारात बाबा उभे होते. कधी आले होते कोण जाणे.

“माझ्या आईला चालायचं नाही,” ते म्हणाले. “ही लग्न होऊन आली तेव्हाच तिनं बजावलं होतं, डाव्या हातानं वाढायचं नाही. मग चारचौघांत ती उजवा वापरायची. पंगतीत वाढताना आमटी सांडायची, हळदीकुंकवाला कुंकू नाकावर जायचं. सगळ्या आळीत धांदरट म्हणून नाव झालं.”

“सांडणारच की!” अहोआई फणकारल्या. “हात बांधून कामाला लावल्यावर कुणाचं सांडणार नाही?”

“ओट्याशी मात्र एकटी असली की डावा,” बाबा म्हणाले. “तेव्हा तिचा हात असा चालायचा… मी दारातून बघायचो. मी बघतोय हे कळलं की लगेच उजव्या हातात घ्यायची सगळं. म्हणून ती उठून गेली की मग बघायचो, काय कुठे कसं ठेवलंय.”

मी उठले. अहोआई “अगं हळू” म्हणत होत्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बाबांची जुनी चित्रं होती. माझ्या जन्माच्याही आधीपासूनची. त्यांच्याखालून मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, लग्न होऊन गेले. किटली, तिची मूठ डावीकडे. आमटीचं पातेलं, पळीचा दांडा डावीकडे कललेला. कंदील, त्याच्या डाव्या अंगाला उघडी काडेपेटी. शिवण, आणि कात्री डावीकडे. वर्गातल्या चाळीस पोरांना कान उजवीकडे घ्या म्हणून सांगणाऱ्या माणसानं घरात एकही कान उजवीकडे काढलेला नव्हता.

प्रत्येक चित्रात कुणीतरी नुकतंच काहीतरी हातातून खाली ठेवलं होतं. मी एकेका चित्रापुढे डावा हात नेऊन पाहिला. काचेवर माझ्या बोटांचे ठसे उमटले. बाबांनी ते पुसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती आवाजानं. तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज, मग अहोआईंचा. “सर, मध्ये बोलू नका. मला नेम धरू द्या.”

मी दारापर्यंत गेले. अहोआईंनी उलथनं डाव्या हातात धरलं होतं. जीभ दातांत. हात थरथरत होता, लहान मुलानं पहिल्यांदा पाटीवर अक्षर काढावं तसा. उलथन्याचा झिजका कोपरा घावनाखाली अलगद सरकला. आणि घावन अख्खं उलटलं. कडा जरा करपली होती, पण अख्खं.

“बघा!” अहोआई म्हणाल्या. तव्याकडे बघत होत्या की आणखी कुणाकडे, मला कळलं नाही. “बाईंनी आपल्या हाताजोगं घडवून ठेवलंय आणि आपण उगाच त्याला नावं ठेवतो.”

बाबांनी ताटली पुढे केली.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अभिजीत आत आला, “आई, झाली का तयारी? बॅगा कुठायत?”

“माझी एकटीचीच आहे,” अहोआई म्हणाल्या. “रेवती राहू दे इथेच सव्वा महिना.”

“अगं, पण तूच म्हणालीस ना, घरात बाई नाही…”

अहोआईंनी उलथनं धुतलं, पदराला पुसलं आणि खिळ्याला अडकवलं. डाव्या हातानं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “घरात बाई आहे.”

आता बाबाही नाहीत. ते चित्र माझ्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर लावलंय. धाकटा आत्ता कुठे झोपलाय, तेवढ्यात हे लिहायला बसले, आणि शेजारचा चहा निवून त्याच्यावर साय धरलीये. मैथिली शाळेतून आली की दप्तर टाकून चित्राखालच्या स्टुलावर बसते. काल तिनं विचारलं, “आई, तू म्हणतेस हे आजीचं चित्र आहे. मग यात आजी कुठाय?”

“आत्ताच उठून गेली,” मी म्हटलं. “दूध बघायला.”